तेलातले दोन कपॅसिटर

सासऱ्यांचा अॅम्प्लिफायर उघडला तेव्हा पोस्टाचं पार्सल खातं चार दिवस बंद पाडायचा माझा अजिबात विचार नव्हता. एका अनोळखी माणसाला दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून अंधारात बसवायचाही नव्हता. मला फक्त एक घूं असा आवाज बंद करायचा होता. पण आमच्या इमारतीत हे कुणी मानायला तयार नाही, म्हणून झालं तसं सांगतो.

सासरे एका चित्रपटगृहात मशीन चालवायचे. चौतीस वर्षं त्यांनी भिंतीतल्या चौकोनी भोकातून सिनेमे पाहिले आणि तिथल्या बाद झालेल्या भागांतून घरी ही पेटी उभी केली. खाली लोखंडी डबा आणि वर काचेचे चार व्हॉल्व्ह. चालू केलं की ते अर्ध्या मिनिटाने निवांत नारिंगी होतात आणि मग गाणं सुरू होतं. लहान घरात राहायला गेले तेव्हा त्यांनी ती लेकीला दिली. "तुम्हाला दोघांना" असं ते म्हणाले नाहीत. लेकीला दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जावईबापू, धूळ वरूनच पुसा."

सासऱ्यांचं माझ्याविषयी फार वाईट मत आहे असं नाही. मत आहे की नाही हेच बावीस वर्षांत कळलेलं नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे तपासतो, एका ग्रॅमची खोट सापडली तर नोटीस देतो. माणूस काटेकोर असल्याशिवाय हे काम होत नाही. पण चित्रपटगृहात आवाज अर्धा सेकंद मागे पडला तर आठशे माणसं शिट्ट्या मारतात, त्या हिशेबाने माझा काटेकोरपणा त्यांना किरकोळ वाटत असावा.

तर त्यांचा फोन आला. तीन आठवड्यांनी आठ दिवस राहायला येतो, त्या पेटीवर दोन तबकड्या ऐकीन म्हणतो. बायकोने खुशीत पेटी लावून बघितली. गाण्याच्या मागे घूं, गाणं थांबलं तरी घूं.

"बाबा हे ऐकणार?" ती म्हणाली.

"दहा मिनिटांचं काम असेल," मी म्हणालो.

हे वाक्य तिने पुढे बऱ्याच लोकांना माझ्यासमोर म्हणून दाखवलं.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त विद्युत निरीक्षक राहतात. इमारतीत त्यांना सगळे शॉकप्रूफ म्हणतात, कारण ते बटण चालू की बंद हे बोट लावून बघतात. त्यांनी पेटी उलटी केली, आत बॅटरी मारली आणि एका अंगठ्याएवढ्या डबीकडे बोट दाखवलं.

"हा मोठा कपॅसिटर. विजेतल्या लाटा सपाट करणं हे याचं काम. हा आतून वाळलाय, म्हणून घूं. नवा आणा, मी लावून देतो."

नवा मी त्याच दिवशी आणला. पण शॉकप्रूफ बाहेरगावी गेले होते, आणि दोन तारा काढून दोन तारा जोडायला दुसऱ्याची वाट बघणं मला कमीपणाचं वाटलं. मी स्वतः जोडला. डबीला अधिक आणि उणे अशा दोन बाजू असतात. त्या डबीवर छापलेल्याही असतात, पण मी चष्मा सोल्डरिंगच्या धुरापासून वाचवायला म्हणून आतल्या खोलीत ठेवला होता.

बटण दाबल्यावर सुरुवातीला काहीच झालं नाही. बायको म्हणाली, "घूं गेलं की हो!" आणि मी त्या कौतुकाचा नम्रपणे स्वीकार करायला मान झुकवली. मान झुकवली म्हणून वाचलो. धाडकन आवाज झाला, डबीचं टोपण माझ्या डोक्यावरून जाऊन छताला लागलं, आणि आत गुंडाळलेला ओलसर कागद पिंजून निघाल्यासारखा पडद्यांवर, पुस्तकांवर आणि बायकोच्या केसांत जाऊन बसला. दिवे गेले. फक्त आमचे नाही. आमच्या इमारतीची वायरिंग एकत्र कुटुंबपद्धतीवर आहे. आमच्याकडे धाड झालं की तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे अंधार होतो.

डॉक्टर स्वतः वर आले, हातात मोजे घातलेलेच. "अहो, पेशंटचं तोंड उघडं आहे," ते म्हणाले. "अर्धी दाढ बाहेर आहे."

"दहा मिनिटांचं काम आहे," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मुख्य फ्यूज बसवायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तो पेशंट, मी नंतर ऐकलं, मोबाइलच्या उजेडात तसाच बसून होता. पुढचे आठ दिवस जिन्यात जो कुणी गालाला हात लावून दिसे त्याची मी मनातल्या मनात माफी मागत होतो.

शॉकप्रूफ परत आले. त्यांनी दुसरी डबी सरळ बसवली आणि घूं खरोखरच गेलं. शहाण्या माणसाने इथे पेटीचं झाकण लावलं असतं. पण ते म्हणाले, "जरा दिवा बंद करा." खोलीतला दिवा बंद केल्यावर दिसलं, की मोठ्या दोन व्हॉल्व्हपैकी एकाच्या आतला पत्रा तापल्या तव्यासारखा लालसर झालाय.

"इथे मधे दोन छोटे कपॅसिटर आहेत," ते म्हणाले. "अलीकडच्या व्हॉल्व्हकडचं गाणं पलीकडे जाऊ द्यायचं आणि त्याच्या मागची दोन-अडीचशे व्होल्टची वीज मात्र दारात अडवायची, एवढंच त्यांचं काम. म्हातारे झाले, आता वीजही झिरपवतात. बदला, नाहीतर व्हॉल्व्ह जाईल." त्यांनी जुना एक सोडवून मीटरवर धरला, काहीतरी पुटपुटले, आणि घरच्या खणातून दोन पिवळे प्लॅस्टिकचे कपॅसिटर आणून लावले. दोन्ही मिळून शेंगदाण्याएवढे. गाणं लावलं, पत्रा काळाच राहिला. मी त्यांना चहा पाजला.

तेवढ्यात कानसेन आले.

कानसेन म्हणजे समोरच्या दारातले विमा सल्लागार. त्यांच्याकडे माणसाच्या उंचीचे स्पीकर आहेत आणि बसायला एकच खुर्ची आहे, कारण त्यांच्या मते आवाज त्या एकाच जागी बरोबर ऐकू येतो. बायको-मुलं कडेला उभी राहतात. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि कुणाच्या घरी समाचाराला आल्यासारखा चेहरा केला.

"प्लॅस्टिक घातलंत?"

"शॉकप्रूफांनी दिले."

"आवाजात जीव नाही हो. गाणारी बाई काचेमागे उभी राहिल्यासारखी वाटतेय. जुन्या व्हॉल्व्हला तेलातलेच कपॅसिटर लागतात. तेलात भिजवलेला कागद. मऊपणा येतो, ऊब येते. आणि पॉइंट वन मापाचे मागवा, कमी नकोत. मोठाच घ्यावा माणसाने."

"कपॅसिटरला ऊब नसते," शॉकप्रूफ म्हणाले. "गळतो किंवा गळत नाही. आणि जेवढ्याचा होता तेवढ्याचाच घालावा."

"तुमचं आयुष्य मीटर वाचण्यात गेलं."

"आणि तुमचं लोकांना नसलेल्या गोष्टी विकण्यात."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर मला फरक कळला नव्हता. पण कळला नाही असं म्हणणं म्हणजे कान नाहीत असं म्हणणं. आणि आठ दिवसांनी येणार होता तो माणूस कानांनीच जगला होता. समजा त्यांनी येऊन पहिल्या ओळीलाच विचारलं, "हे प्लॅस्टिक कुणी घातलं?" तर? मी मान हलवली आणि म्हणालो, "हं, थोडी काच जाणवते खरी." त्याच दिवशी दूरच्या एका दुकानातून तेलातले दोन कपॅसिटर मागवले.

पार्सल तिसऱ्या दिवशी पोस्टात येऊन अडकलं. पाकिटावर 'तेल-कागद कपॅसिटर' असं लिहिलं होतं आणि टपालातून तेल पाठवायला मनाई आहे. खिडकीमागे एक कारकून बाई होत्या, शिस्तीच्या. त्यांनी एक अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"तेल खाण्याचं की बिनखाण्याचं?"

"बाई, ते कपॅसिटरच्या आत आहे. बाहेरून दिसतही नाही."

"मग खाण्याचं नाही. बिनखाण्याच्या रकान्यात खूण करा. आत किती मिलिलीटर?"

वीस वर्षं मी दुकानदारांना विचारत आलोय की पाकिटाच्या आत नेमका माल किती. "अंदाजे" असं उत्तर देणाऱ्यांना मी जागेवर नोटीस दिली आहे. आणि आता मी खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहून म्हणालो, "अंदाजे एखाद-दोन थेंब."

"अंदाजे चालत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी त्यांनाच दया आली. "असं करू, वजन करू या. पन्नास ग्रॅमच्या आत भरलं तर नमुना म्हणून सोडता येतं." त्यांनी पार्सल काट्यावर ठेवलं. काट्यावर अठ्ठेचाळीस ग्रॅम दिसले. बाई शिक्का उचलत होत्या, पार्सल माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि माझी नजर काट्याच्या कडेला गेली. आमच्या खात्याची पडताळणीची खूण. मुदत सात महिन्यांपूर्वी संपलेली.

मी नजर दुसरीकडे वळवली. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. टपालपेट्यांच्या वेळा वाचल्या. पण नजर पुन्हा तिथेच यायची. लोक म्हणतात तुम्ही बोलला नसता तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण उद्या एखाद्या वाण्यासमोर उभा राहून मी कुठल्या तोंडाने काटा सील करणार?

"बाई," मी म्हणालो, "हा काटा तुम्हाला वापरता येणार नाही."

मी ओळखपत्र दाखवलं आणि काटा सील केला. काटा सील, म्हणजे वजन नाही. वजन नाही, म्हणजे कुठलंच पार्सल बाहेर नाही. माझ्या मागे अकरा माणसं रांगेत होती. मी आजवर बऱ्याच बाजारांतून शिव्या खात बाहेर पडलो आहे, पण तिथे निदान माझं काही सामान अडकलेलं नसायचं. फेरपडताळणी मीच करून टाकली असती, पण त्या काट्यावर माझंच पार्सल तुलायचं होतं, म्हणून मी ऑफिसात रीतसर लिहून दिलं की यात माझा हितसंबंध आहे, दुसऱ्याला पाठवा. दुसरा सहकारी रजेवर होता. तो चार दिवसांनी प्रमाणित वजनांची पेटी घेऊन गेला. काटा बरोबर निघाला. पार्सल अठ्ठेचाळीस ग्रॅमच भरलं.

"तुम्ही स्वतःच अडवलंत?" बायकोने विचारलं.

"नियमाने अडवलं."

"अंगणात विहीर खणून स्वतःच आत उतरावं तुम्ही," असं काहीसं पुटपुटत ती आत गेली. आम्हाला अंगण नाही, पण मला मुद्दा समजला.

सासरे यायला दोन दिवस उरले होते. पाकीट उघडलं तर कपॅसिटर मेणबत्तीएवढे निघाले. शेंगदाण्याच्या जागी मेणबत्त्या मावेनात. मग पेटीला खालून लाकडी पाय लावले, मेणबत्त्या पोटाखाली आडव्या बांधल्या. पेटी आता पिल्लं पोटाशी धरलेल्या वानरीसारखी दिसत होती.

शॉकप्रूफांनी तारा जोडल्या, पण एका अटीवर. त्यांनी मधे एक खटका बसवला: एका बाजूला पिवळे, दुसऱ्या बाजूला तेलातले. "कोण कुठला ओळखतो ते दिसू दे एकदा." खटका त्यांच्या हातात, मी आणि कानसेन भिंतीकडे तोंड करून, हातात कागद. दहा वेळा गाणं वाजणार, दहा वेळा लिहायचं. बायको म्हणाली मला वेळ नाही, मी स्वयंपाकघरातून सांगते.

आम्ही जीव ओतून ऐकलं. गाणाऱ्या बाईचा श्वास, त्या श्वासाची कड, त्या कडेची ऊब. कानसेन मधूनमधून "अहाहा, हा तेलातला!" म्हणून मांडीवर हात मारत होते. शेवटी शॉकप्रूफांनी निकाल वाचला. कानसेनांचे पाच बरोबर, माझे चार.

"आणि वहिनींचे दहा."

कानसेन उठून उभे राहिले. "दहा? वहिनी, तुम्ही नेमकं काय ऐकलंत? तो मखमलीपणा ना?"

बायको कणीक लागलेले हात घेऊन दारात आली. "कसला मखमलीपणा? ते तेलवाले लावले की कपाटाची काच वाजते."

शॉकप्रूफांनी पेटीच्या पोटाखाली वाकून मेणबत्तीवरचा आकडा वाचला. "अरेच्चा! मी जुना मापला तेव्हा पॉइंट झिरो झिरो फाइव्ह भरला होता. पिवळे मी तेवढ्याचेच घातले. हे पॉइंट वन. वीसपट मोठे! तेला-प्लॅस्टिकचा प्रश्नच नाही. छोटा असला की जाड, खालचे सूर दारातच अडतात. एवढा मोठा घातल्यावर सगळे आत आले, काच वाजणारच." आम्ही दोघं पुरुष बारीक ऐकण्यात इतके गुंतलो होतो, की जाड आवाज कुणालाच ऐकू आला नव्हता.

वीसपट! माझ्या खात्यात वीसपट चुकीला नोटीस नसते, थेट खटला असतो. पण मग माझ्या लक्षात आलं की चूक माझी नव्हतीच. व्हॉल्व्हच्या पुस्तकात, जोडणीच्या नकाशात, कानसेनांच्या तोंडी, सगळीकडे पॉइंट वनच होता. पॉइंट झिरो झिरो फाइव्ह घातला होता तो सासऱ्यांनी. पेटी जुळवताना त्यांची चूक झाली होती, आणि जवळजवळ पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. ती आता त्यांच्या जावयाने दुरुस्त केली होती. त्या रात्री मला फार छान झोप लागली. त्यांना कसं सांगायचं, तेही मी ठरवून टाकलं. उतावळेपणा न करता, नम्रपणे, पण आकड्यांसकट.

सासरे आले. जेवणं झाली. दुपारी बायको आवरून आली आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत टेकली. गेले तीन आठवडे पडद्यांवरचा कागद वेचण्यात आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकण्यात गेले होते तिचे. सासऱ्यांनी पेटीचे लाकडी पाय बघितले, खालच्या मेणबत्त्या बघितल्या आणि आपल्या आवडीची तबकडी लावली. व्हॉल्व्ह उजळले. मग खोलीत एक खोल, जाड, गोल सूर उतरला आणि कपाटाची काच हलकेच थरथरली. सासरे खुर्चीत पुढे झाले.

"हे काय वाजतंय?"

"मोठं तंतुवाद्य आहे, बाबा. जाड तारांचं," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे. या पेटीवर ते वाजत नाही."

हीच वेळ होती. मी घसा साफ केला. "बाबा, ते आधी वाजत नव्हतं, कारण मधल्या कपॅसिटरचं माप वीसपट कमी होतं. पॉइंट झिरो झिरो फाइव्ह. बहुधा त्या काळी योग्य भाग मिळाला नसेल, किंवा वाचताना चुकून..."

"चुकून नाही," ते म्हणाले. "पॉइंट वनच होते आधी. मी काढले."

"काढले?"

"दोन खोल्या होत्या आमच्या. दुपारी मला सुट्टी असायची, तेव्हाच काय ते ऐकायचो. स्पीकर इथे, आणि पाळणा..." त्यांनी हाताने अंतर दाखवलं, दीड हात असेल. "गाण्याने जागी व्हायची नाही ती. पण जाड सूर लागला की दचकायची आणि रडायची. सासू तुमची म्हणाली, गाणं बंद करा. मी म्हटलं, गाणं नाही, तेवढा सूर बंद करतो. छोटे कपॅसिटर लावले. मग राहूनच गेलं."

मी आकडे पाठ केले होते ते सगळे गिळले. "मग ते छोटे परत लावू का?" एवढंच विचारलं.

"कशाला? तुम्ही बरं केलंत. मी हा सूर घरात ऐकलाच नव्हता कधी." बावीस वर्षांतलं हे पहिलं मत. ते डोळे मिटून मागे रेलले. तबकडी पुढे सरकली, तो सूर पुन्हा खाली उतरला, काच पुन्हा थरथरली. त्यांनी डोळे उघडून कोपऱ्याकडे बघितलं.

आरामखुर्चीत बायको झोपली होती. मान एका बाजूला कलती, पदर हाताखाली अडकलेला. पन्नाशीला आलेली बाई, गाढ झोपलेली. काचेच्या आवाजाने तिच्या कपाळावर एक आठी पडली आणि गेली.

सासरे उठले. तळव्यांचा आवाज होणार नाही असे चालत पेटीपाशी गेले आणि आवाजाचं बटण डावीकडे फिरवलं, बरंच फिरवलं. मग आपली खुर्ची उचलून स्पीकरजवळ ठेवली आणि मलाही खुणेने बोलावलं. आम्ही दोघं जाळीला कान लावून उरलेली बाजू ऐकली. तेवढ्या बारीक आवाजात जाड सूर ऐकूच येत नव्हता.